आमच्याच घरातलं आहे

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. दोन बॅगा, एक बादली आणि ही डायरी. घर पाहून आधी हसूच आलं. आत शिरायचं तर अंग आडवं करावं लागतं, इतकं सामान. घड्याळं, आरसे, छत्र्या, शिलाई मशीन, चष्म्यांच्या डब्या, कुणाच्या तरी कुबड्या. घरमालकांना मी आल्या आल्या काका करून टाकलं, तर म्हातारा विरघळलाच. म्हणाले, घरातलं एकेक माणूस गेलं आणि त्याचं काहीच टाकवेना. आता ते एकटेच उरलेत. भाच्याकडे राहायला जायचंय, पण हे सगळं कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय पाय निघत नाही. भंगारात द्यायचं नाही. विकायचं, म्हणजे घेणारा जपतो.

आमचं ठरलंय ते सोपं आहे. मी सामान विकायचं, घर रिकामं झालं की काका जाणार आणि वरच्या दोन खोल्या मला. मग चिमणीला आणायचं. आठ वर्षांची पोर ताईकडे ठेवून आलेय. नवऱ्याने जबाबदारी झटकली तेव्हापासून आम्ही मायलेकी कुणाच्या ना कुणाच्या बाहेरच्या खोलीत दिवस काढतोय. आता आपलं दार, आपली कडी. इतकी वर्षं कापडाच्या दुकानात उभी राहिलेय मी, समोरच्याला नको असलेलं गळ्यात मारणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

गुरुवार, ६ तारीख

डाव्या हातचा मळ कसला. आजवर एक छत्री खपली. अंगणात टेबलं मांडली, चादरी घातल्या. माणसं येतात, वस्तू उचलतात, कुणाची म्हणून विचारतात. मी खरं सांगते, की या घरातल्या गेलेल्या माणसांची. लगेच खाली ठेवतात. एकाने तर हातसुद्धा पुसले.

आज एका बाईने आरसा उचलला. तिने विचारायच्या आत मी बोलून गेले, की आमच्याच घरातला आहे, माझ्या आईचा, जीव तुटतो पण ठेवायला जागा नाही. बाईचे डोळे भरून आले. आरसा घेऊन गेली आणि वर मलाच धीर देऊन गेली. थाप इतकी सफाईदार होती की माझं मलाच कौतुक वाटलं. माझ्या आईकडे आरसा कुठला, खिडकीच्या काचेत बघून केस विंचरायची बिचारी.

काका पायरीवर बसून ऐकत होते. वाटलं, रागावणार. तर म्हणाले, बरं केलंस, आरसा जिचा होता तिला आपलं म्हणणारं कुणीतरी हवंच होतं. आज पोटभर जेवले.

मंगळवार, ११ तारीख

धंदा जोरात. शिलाई मशीन माझ्या आत्याचं झालं, काकांच्या भावाच्या कुबड्या माझ्या थोरल्या भावाच्या. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ कुठला आलाय, पण बोलायला काय जातं. काका आता मुद्दाम वस्तू माझ्या हातात देतात आणि गिऱ्हाइकासमोर विचारतात, ही तुझ्या कुणाची म्हणून. मी नातं जोडते, वस्तू जाते.

एक गोष्ट विचित्र झाली. माझ्या उशीचा अभ्रा उसवला होता. दुपारी वर गेले तर शिवलेला, मशीनच्या बारीक टाक्यांनी. मशीन तर शनिवारीच गेलं. काकांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, इतकं कमी दिसतं. आधीचाच शिवलेला असेल, मलाच उसवलेला वाटला असेल.

शुक्रवार, १४ तारीख

काकांना सहज विचारलं की कुबड्या वापरायचे ते तुमचे भाऊ कशाने गेले. म्हणाले, मला भाऊ नव्हता. मला वाटलं, फिरकी घेतायत. मशीनचं विचारलं, तर कुठलं मशीन म्हणाले. चेहरा मात्र कसा स्वच्छ, नुकतं तोंड धुतल्यासारखा. हल्ली गुणगुणतातसुद्धा.

भर दुपारी जिन्यात टक टक वाजतं. कुणीतरी कुबड्या टेकत चढतं आणि माझ्या दाराशी थांबतं. दार उघडलं, कुणी नाही. मी वैतागून म्हटलं, यायचं तर या, नाहीतर जा. म्हणायला नको होतं. तेव्हापासून आवाज खोलीच्या आत आहे.

लहानपणी आई आरशापुढे बसून माझी वेणी घालायची, तिची फार आठवण येतेय.

हे काय लिहिलं मी? आईकडे आरसा नव्हता.

सोमवार, १७ तारीख

आता स्पष्टच लिहिते. ज्याला मी माझं म्हटलं, ते माझ्याकडे राहायला आलं. आणि काकांकडून गेलं.

एकच वस्तू उरलीय. वरच्या खोलीतली लहान मुलीची खाट, उशाला फुलं रंगवलेली. काकांची एकुलती एक मुलगी या खाटेवर तापाने गेली. ही मी काकांच्या मुलीची म्हणूनच विकणार. जीभ झडली तरी दुसरं बोलायची नाही. रविवारी ताई चिमणीला घेऊन येतेय.

बुधवार, १९ तारीख

कुणी घेईना. गेलेल्या पोरीची खाट कोण घेणार? मी ती गच्चीवर टाकू म्हटलं, काका ऐकेनात. खाट विकल्याशिवाय ते हलणार नाहीत, आणि ते हलल्याशिवाय खोल्या नाहीत. चिमणीला आणून ठेवू कुठे मी?

दुपारी एक बाई आली, दिवस भरत आलेली. खाटेवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, कुणाची. काका माझ्याकडे बघत होते.

माझ्या मुलीची, म्हटलं मी. मोठी झाली, आता मावत नाही. बाई खाट घेऊन गेली.

गेली म्हटलं नाही. मोठी झाली म्हटलं. चांगलंच बोलले. त्याने काही होणार नाही.

गुरुवार, २० तारीख

फोन चिमणीने उचलला. म्हणाली, आई अंघोळीला गेलीय, मावशी. मी म्हटलं, पुरे गं चेष्टा. तिने ताईला हाक मारली. आई म्हणून मारली.

ताईला म्हटलं, माझ्या लेकीला दे. ताईने हळूच विचारलं, तुला बरं नाही का, तुला कुठली मुलगी.

वरच्या खोलीत, खाटेच्या जागी, एक पोर उभी आहे. पाठमोरी.

शुक्रवार, २१ तारीख

त्या बाईकडे गेले. खाट माझ्या मुलीची नाही, मी खोटं बोलले. एवढंच सांगायचं. वाटभर घोकत गेले. तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, माझ्या मुलीची आहे, जपा.

पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच.

माझं बोट कुणीतरी धरलं होतं. तळहात तापलेला.

शनिवार, २२ तारीख

काका गेले. एक पिशवी घेऊन. म्हणाले, भरलं घर आहे तुझं, नशीबवान आहेस.

मी त्यांचा सदरा धरला. म्हटलं, तुमची मुलगी घेऊन जा, पाया पडते. त्यांना खरंच कळलं नाही. कुणाची मुलगी, म्हणाले.

हिला ताप आहे. कपाळावर पट्ट्या ठेवल्या. रडते, मग काय करू—

रविवार, २३ तारीख

आली. माझी चिमणी. ताई-भाऊजींबरोबर, मावशीचं नवं घर बघायला.

जवळ घेतलं तर अंग चोरलं. ताईच्या मागे लपली. हनुवटीखाली तीळ तोच. मी रोज पापी घ्यायचे तिथे— मी, ताई नाही—

तिघे थोडा वेळ बसले. निघाले. दारात म्हणाली, येते हं मावशी.

गाडी खाली उभी आहे. भाऊजी सामान ठेवतायत. आत्ता जिना उतरले तर गाठीन. ओढून घेईन, वेडी म्हणू देत, माझी आहे, माझ्या पोटची—

पण मांडीवर ही. आत्ता कुठे डोळा लागलाय. सकाळपासून कण्हत होती. हलले तर जागी होईल.

जरा घाम येऊ दे. ताप उतरला की मग—

गाडी सुरू झाली. चिमणी वर बघतेय, खिडकीतून हात—

उठू नकोस गं बाळा, नीज, नीज. मी कुठे जात