कॉलिनची भट्टी, एकरकमी

होई आन, ४ मार्च

चि. थाओस आत्याचे अनेक आशीर्वाद.

गुडघे सोडले तर मी बरी आहे. पत्र लिहिण्यास कारण, नदीकाठचा कॉलिन पाववाला दुकान मोडून मायदेशी निघालाय आणि त्याची भट्टी विकायची आहे, किंमत दारातल्या फळ्यावर लिहिलीय. मला ती हवीच. माणूस भला, आपली भाषाही मोडकीतोडकी बोलतो. पण मला बघितलं की, हप्त्यानं द्या, सावकाश द्या, सुरू. आपल्या भाषेत नको म्हटलं की भिडस्तपणा समजून हसतो.

तुझे आतोबा गेले तेव्हा हप्तेवाले भर गल्लीत माझ्यामागे ओरडत यायचे आणि शेजारणी दारात येऊन बघायच्या. अजून हप्ता म्हटलं की मी दार लावून घेते. पैसे साठवलेत. सगळे एकदम देणार, उधारी नाही, हे त्याला त्याच्याच इंग्रजीत ठणकावायचं आहे. तेवढे शब्द धाड. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी, लिएन आत्या

सायगाव, ८ मार्च

ती. आत्यास थाओचा सा. न. वि. वि.

माझ्या वर्गात इंग्रजीची एवढी निकड कुणालाच नाही. घे. 'पेइंग इन फुल', सगळे एकदम. 'अपफ्रंट', वस्तू उचलण्याआधीच. 'नो इन्स्टॉलमेंट', हप्ता नाही. 'नो लोन', कर्जबिर्ज नाही. एका दमात म्हणू नकोस, घाबरेल बिचारा.

आणि घासाघीस कर हं. तो इथे मुरलाय, फळ्यावरचा आकडा फुगवलेलाच असणार. 'टू मच' म्हणायचं, तोंड वाकडं करून. ते तुला शिकवायला नको.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी, थाओ

होई आन, १५ मार्च

चि. थाओस आशीर्वाद.

भट्टी घरात आली. शब्द एका दमातच म्हटले, दोनदा. तो खुर्चीत बसला.

'टू मच' मात्र ओठांवरच राहिलं. उजाडताच गेले होते, त्याचं पहिलं गिऱ्हाईक मीच. भवानीच्या वेळी घासाघीस करून कुणाचा दिवस कशाला नासवू? फळ्यावरचा आकडा जसाच्या तसा दिला आणि निघाले.

तर तो नोटा घेऊन मागे धावला. आकडा फुगवलेलाच होता म्हणे, जास्तीचे परत घ्या. पण भवानीचा पैसा कुणी परत घेतं का? मी मान हलवून चालू लागले. तो भर गल्लीत ओरडतोय, "बाई, थांबा, तुमचे पैसे घ्या!" शेजारणी सगळ्या दारात.

थाओ, मी मुद्दाम हळू चालले.

तुझीच, लिएन आत्या