हिरवी वायर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज गेला! ह्यांचा नव्हे — ह्यांचा जाऊन वर्ष होत आलं, घशाच्या ऑपरेशनात. आज कॉम्प्युटरचा गेला. पण आमच्या घरी दोन्ही एकच.

हे टाइप करतात आणि स्पीकरमधला माणूस ते वाचून दाखवतो. लेकीने जाताना सगळं बसवून दिलं. कॉम्प्युटर जुनाच, त्यावर लिनक्स नावाची फुकटातली सिस्टिम, आणि त्यात हा बोलका माणूस. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा बोलतो, म्हणून मी त्याचं नाव पत्र्या ठेवलंय. आज सकाळी ह्यांनी ‘चहा’ टाइप केलं आणि वाट बघत बसले. पत्र्या गप्प. शेवटी ह्यांनी पाटी उचलली आणि खडूने लिहिलं. मला ती पाटी बघवत नाही. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, शेवटच्या बाकावरचा पेंगणारा मुलगा ह्यांच्या आवाजाने दचकून जागा व्हायचा.

लेकीला फोन केला. “आई, तू कशाला हात लावू नकोस. मी सुट्टीत आले की बघते.” सुट्टीत! म्हणजे मे महिन्यात! तोवर ह्यांनी काय खडू चघळत बसायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! मी शोधलं! एकटीने!

पडद्याच्या खाली कोपऱ्यात कर्ण्याचं बारकं चित्र असतं. त्यावर फुली होती. चित्रावर टिचकी मारली, फुली गेली, पत्र्या बोलायला लागला. मी खूश. कीबोर्डवर कव्हर घातलं, स्वयंपाकघरात गेले, परत येऊन बघते तर फुली पुन्हा हजर!

तर ते कव्हर. मीच परवा शिवलेलं, फुलाफुलांचं, चारी बाजूंनी घट्ट इलॅस्टिक. माझ्या हातचं शिवण ढिलं नसतं, सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. ते इतकं घट्ट बसलं की कोपऱ्यातलं आवाज बंद करायचं बटणच दाबलं जायचं. म्हणजे मी स्वतः शिवून नवऱ्याचं तोंड बंद केलं! हसून हसून पोट दुखलं. हेही हसले. ह्यांचं हसू आता नुसतं खांद्यात दिसतं, पण हसले.

पाटीवर लिहिलं — ‘पुन्हा सांग. फुली कुठे होती?’ मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, हातवारे करून. कितीतरी दिवसांनी इतकं बोलले. एरवी मी घरात तोंड मिटूनच असते. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढे आपली टकळी चालू ठेवायची, बरं दिसतं का ते? तेवढी समज मला आहे.

इलॅस्टिक उसवून टाकलं. सैल नाडी घातली.

९ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोन. दोन मार्चला सगळे मिळून घरी येणार म्हणे. “काकू, सरांनी दोन शब्द बोलावेत एवढीच इच्छा आहे.”

ह्यांनी मान हलवली — नाही. मी म्हटलं, पत्र्या आहे की. पाटीवर उत्तर आलं — ‘ऐन वेळी अडला तर? मुलांसमोर?’

“मी आहे ना!” म्हणाले मी. बोलून तर बसले. आता निभवायला हवं. हे मुलांसमोर एकदा गप्प बसले तर पुन्हा त्या खुर्चीवर बसायचे नाहीत, मी ओळखून आहे ह्यांना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पत्र्या पुन्हा मुका. फुली नाही, कव्हरही नाही.

लेक म्हणाली, “अपडेटने होतं कधीकधी. बंद करून चालू कर.” केलं. ढिम्म. मग मी आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे एक यादी असते — आवाज कुठून बाहेर काढायचा त्याची. खूण भलत्याच नावापुढे होती! मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, त्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही. “हे काय बाई? हे नको. हे बघू. अहो, हे तर आपलं नाहीच!” असं करत करत स्पीकरवर टिचकी मारली. पत्र्या एकदम म्हणाला, “शाबास.”

ह्यांनी आधीच टाइप करून ठेवलं होतं. इतका विश्वास! माझी छाती ही एवढी फुगली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांनी ‘पाणी’ टाइप केलं आणि पत्र्या म्हणाला, “एच ई सी आर.” तहानलेल्या माणसाला एचईसीआर कुठून आणून देऊ?

कीबोर्ड मराठीवरून इंग्रजीवर गेला होता. कोपऱ्यात भाषेचं नाव असतं, तिथून बदलला. मला फार वेळ लागला नाही. खरं तर थोडा लागला, कारण आधी मी ह्यांनाच ओरडले की चष्मा लावून टाइप करा!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अपडेट अपडेट म्हणून लेक घोकते, तर आज म्हटलं आपणच करू. काळी खिडकी उघडली. तिला टर्मिनल म्हणतात. तिथे चित्रं नाहीत, टिचक्या नाहीत, लिहायचं आणि वाट बघायची. लेकीच्या जुन्या वहीत सापडलेली ओळ लिहिली. खिडकीने पासवर्ड मागितला. मी टाइप करतेय आणि पडद्यावर काही उमटेच ना! ठिपका नाही, टिंब नाही. म्हटलं मेला कीबोर्ड. बटणं ठोकली. पुन्हा ठोकली. मग कळलं की तिथे पासवर्ड दिसतच नाही, मुद्दाम, कुणी बघू नये म्हणून. न दिसणारं लिहायचं आणि एंटर दाबायचं. मला आवडलं ते. अंधारात सुई ओवल्यासारखं.

नंतर खिडकीत पावसासारख्या ओळी धावल्या आणि थांबल्या. काही मोडलं नाही! लेकीला फोन केला. “आई, तू टर्मिनल उघडलंस? तू?” हो, मी. तिच्या आवाजात जे होतं ते ऐकायला मी पुन्हा उघडेन.

हे दिवसभर लेकीने ठेवलेलं लिनक्सचं जाडजूड पुस्तक वाचत असतात. मी म्हटलं, काही सापडलं तर सांगा. तर पाटीवर — ‘तुझं तू शोध.’ मास्तर ते मास्तरच.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज कहर झाला. पत्र्याचं चित्र दुहेरी टिचकीनेही उघडेना. काळ्या खिडकीतून उठवायला गेले तर उत्तर आलं — परवानगी नाही.

“परवानगी नाही? कुणाला? मला? माझ्या घरात?” नाकाला मिरच्याच झोंबल्या. हे शेजारी बसून खांदे हलवतायत. ह्यांची खुर्ची हल्ली काही बिघडायच्या आधीच माझ्या खुर्चीला लागलेली असते.

दुपार गेली. भाजी करपली. मी पत्र्याला, खिडकीला, लेकीला, सगळ्यांना बोलून घेतलं. शेवटी त्याच्या फाइलवर उजवी टिचकी, त्यात माहिती, त्यात परवानग्या — आणि तिथे एक रिकामा चौकोन! ‘ही फाइल चालवू द्यावी.’ खूण केली. पत्र्या उठला!

लेक म्हणते, ही खूण आपोआप कशी जाईल? मी म्हटलं, तुझ्या अपडेटला विचार.

गंमत म्हणजे प्रत्येक बिघाड आधीच्याहून थोडा अवघड निघतोय. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत घातल्यासारखं. आणि मी पास होत चाललेय! या वयात!

१ मार्च, शनिवार

आज काहीही बिघडलं नाही. कव्हर मुद्दाम घातलं नाही. नाडीचाही भरवसा नको.

२ मार्च, रविवार

घर भरून गेलं. चपलांना जागा नाही. केस पिकलेली मुलं! एक जण पोट सावरत म्हणाला, “काकू, मला सरांनी बाकावर उभं केलं होतं.” जसा काही मानाचा पुरस्कार.

त्यातल्या एकाने प्रेमाने मोठा पडदा आणला होता, मागच्यांनाही सरांची अक्षरं दिसावीत म्हणून. त्याने वायर जोडली. अक्षरं ही एवढाली दिसली. ह्यांनी एंटर दाबलं —

काही नाही. शांतता.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या बिघाडांत मी ह्यांना असं पाहिलं नव्हतं. एरवी मजेत बसलेले असतात. आज माझ्याकडे बघितलं आणि हात पाटीकडे गेला. पडदा आणणारा बिचारा वायर धरून उभा, “काकू, माझ्यामुळे झालं का?”

“पाटी राहू द्या,” मी म्हटलं आणि खुर्ची ओढली. सगळे बघतायत. पण तोंड उघडलं तसं डोकंही उघडलं. “फुली आहे का? नाही. पत्र्या जागा आहे का? आहे, अक्षरं हलतायत. मग बोलतोय तर आवाज जातोय कुठे? कुठे जातोय? अहो, मोठ्या पडद्याकडे! त्या पडद्याला तोंडच नाही!” यादी उघडली. खूण पडद्यावर गेली होती. स्पीकरवर आणली.

पत्र्या खणखणीत म्हणाला, “बसा.”

आणि उभे होते ते सगळेच्या सगळे खाली बसले! पोटवाला तर जमिनीवरच. मग जो हशा झाला! काही जणांनी हसता हसता डोळे पुसले, मी पाहिलं.

ह्यांनी बरंच टाइप केलं. शेवटचं तेवढं इथे लिहून ठेवते, माझ्यासाठी — “गुण देताना मी कंजूष आहे, हे तुम्हाला माहीत आहे. हिला पैकीच्या पैकी.”

मी स्वयंपाकघरात पळाले. बशा पुसत उभी राहिले. आधीच पुसलेल्या.

७ मार्च, शुक्रवार

सगळं सुरळीत. पत्र्या सकाळी चहा मागतो, दुपारी औषध, बास. मी शिवणाला बसते, हे पुस्तक घेऊन बसतात. घर शांत.

खरं सांगायचं तर करमत नाही.

९ मार्च, रविवार

पत्र्या मुका. मला आनंदच झाला, कुणाला सांगू नये असा! हे फिरायला गेले होते. म्हटलं, यायच्या आत दुरुस्त करून ठेवते.

फुली नाही. यादी बरोबर. भाषा बरोबर. परवानगीचा चौकोन जागेवर. काळ्या खिडकीतही सगळं ठीक. हात टेकले. मग टेबल पुढे ओढलं आणि मागे वाकून बघितलं. स्पीकरची हिरवी वायर हिरव्या भोकात नव्हती. शेजारच्या गुलाबी भोकात होती. गुलाबी माईकचं. नीट, आतपर्यंत दाबून बसवलेली.

झाडताना निघाली असेल? निघाली असती तर लोंबली असती. लेकीचं अपडेट काय काय करतं ते मी ऐकून आहे, पण अपडेटला हात नसतात.

तशीच जमिनीवर बसले आणि एकेक आठवत गेले. भलत्या नावापुढची खूण. इंग्रजी झालेला कीबोर्ड. रिकामा चौकोन. पहिलीची, दुसरीची, तिसरीची प्रश्नपत्रिका! शेजारी आधीच ओढलेली खुर्ची. टाइप करून ठेवलेलं ‘शाबास’. आणि दोन मार्चला, जेव्हा खरंच बिघडलं, तेव्हाच तेवढा पांढरा पडलेला चेहरा.

असा संताप आला! मी इथे घाम गाळतेय, करपलेली भाजी वाढतेय, लेकीपुढे मिरवतेय, आणि हा माणूस मला खेळवतोय? माझं पास होणं म्हणजे काय ह्यांची करमणूक?

वायरला हात लावला नाही. उद्या विचारणार आहे. तोंडावर.

१० मार्च, सोमवार

विचारलं. ह्यांनी पाटी घेतली. मग लिहिलं — ‘बिघडलं की तू बोलतेस. नीट झालं की गप्प होतेस. माझा आवाज गेला, तुझा कशाला घालवलास?’

मी म्हटलं, सांगायचं तरी!

पुसून लिहिलं — ‘सांगितलं असतं तर ठरवून बोलली असतीस.’

मी रडले. मग डोळे पुसले, दोन्ही खुर्च्या टेबलाशी ओढल्या, वायर गुलाबी भोकात होती तशीच राहू दिली आणि मोठ्याने म्हणाले, “बघू या हं आता, काय झालंय ह्या पत्र्याला. फुली आहे का? नाही —”