चाळीस वेळा माघारी

सोमवार, २ तारीख
आले एकदाची! खोली वाचनालयाच्या वर, खिडकीत ऊन, नळाला पाणी, गादीत ढेकूण नाहीत. आणखी काय हवं? एका जुन्या आख्यानकाव्याची काळ्या शाईत सुवाच्य नक्कल करायची आहे. छापायची सोय असताना हातानं कशाला, असं मी विचारलं, तर ग्रंथपालबाई म्हणाल्या की हे काव्य आजवर हातानंच उतरत आलंय. असेना का, माझ्या अक्षराला कुणी विचारतंय हेच खूप. ह्यांना जाऊन तेरा महिने झाले, त्यानंतर आज प्रथमच घराबाहेर पडलेय. काम उरकून सरळ लेकीकडे जायचं. तिचे दिवस भरत आलेत, आणि आई आल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं तिनं मला बजावून ठेवलंय. हट्टी आहे. माझीच ना.

मंगळवार, ३ तारीख
गोष्ट साधी आहे. एका बाईचा प्रियकर लढाईत मरतो. ती रडून रडून त्याला हाका मारते आणि तो खरंच येतो. आधी फाटकाशी, मग अंगणात, मग घरात, शेवटी तिच्या अगदी पाठीशी. दर वेळी ती त्याला परत पाठवते. प्रत्येक कडव्याखाली तेच धृपद: ‘माघारी जा, सख्या, दार मी लावते.’ चाळीस कडवी, चाळीस वेळा. ग्रंथपालबाईंचा एकच नियम, धृपद दर वेळी पूर्ण लिहायचं, तेही तोंडानं म्हणत. मी मान डोलावली आणि पहिल्याच कडव्याखाली नुसतं ‘धृ.’ लिहून पुढे सरकले. शाळेपासून सगळं जग असंच लिहितं. खालची ओळ कोरी राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?

शुक्रवार, ६ तारीख
अठरा कडवी झाली. दुपारी फाटकाशी कुणीतरी उभं होतं. लख्ख ऊन, तरी काखेत छत्री. ह्यांचीच सवय. पण जगात छत्रीवाले काय थोडे आहेत, असं म्हणून मी मान खाली घातली.

रविवार, ८ तारीख
आज तो अंगणात होता, पाठमोरा. डोक्यावर ह्यांच्यासारखाच भोवरा, तिथले केस कधी बसायचेच नाहीत. ग्रंथपालबाईंना कुणी दिसलं नाही. त्यांनी माझी पानं चाळली आणि मटकन खालीच बसल्या. माझ्या आधीच्या नकलनविसानंही ‘धृ.’च लिहिलं होतं म्हणे. त्याची बायको गेलेली. एका दुपारी तो टेबलाशी मरून पडलेला सापडला, शेजारी दुसरी खुर्ची ओढलेली. आता कुठेही गेलात तरी तो मागे येईल, आधी त्या ओळी भरा, असं बाई हात जोडून सांगत होत्या. मी सुनावलं, मला घाबरवू नका, मी कुणाच्या बापाला भीत नाही.

सोमवार, ९ तारीख
खरं लिहिते. आळस म्हणून नाही टाळली मी ती ओळ. दवाखान्यात नर्स म्हणाली होती, त्यांना ‘जा’ म्हणा, जीव अडकलाय त्यांचा. दिरांनी सांगितलं, लेकीनंही सांगितलं. मी नाही म्हटलं. नाहीच म्हणणार. माझे आहेत, येऊ देत. उरलेली कडवी आज धडाधड उतरवली, ‘धृ.’सकट!

बुधवार, ११ तारीख
आत आलेत. समोरच्या खुर्चीत. चेहरा ह्यांचाच, पण पापणी लवत नाही. मी किती बोलले! लेकीचं सांगितलं, आजोबा होणार तुम्ही, म्हटलं. त्यावर एकच शब्द.
“चल.”
मी म्हटलं, कुठे? नातवंड बघायचंय मला.
“चल.”
लेकीचा विषय निघाला की आमच्या ह्यांना भान राहायचं नाही. ह्यानं तिची साधी खुशालीसुद्धा विचारली नाही. हा कोण आहे —

गुरुवार, १२ तारीख
सकाळी लेकीचा फोन. कळा सुरू झाल्यात. मी म्हटलं, तू नीघ, मी थेट दवाखान्यात येते. ऐकत नाही. तू आलीस की जाऊ, म्हणते. पिशवी उचलली तर दारात तो. दोनदा धडकले. हलत नाही.
ठीक आहे. बसले. कोरी ओळ एकेक भरतेय.

दहा झाल्या. तोंडानं म्हणत, रडत. रडेन मी, कुणाची बंदी आहे? पण लिहिणार.

तीस. भर दुपारी बोटं गारठलीत — फोन वाजतोय — उचलू देत नाही —

एकोणचाळीस. मागे उभा आहे. शेवटचं पान ओढून घेतलं, टराटरा फाडलं. फाड. ह्या वहीत लिहीन.

अहो, तुम्हीच असाल तर ऐका. तेरा महिने रडले तुमच्यासाठी. अजून जीव आहे तुमच्यावर. पण मी येणार नाही. लेक वाट बघतेय — हात सोडा —
नाही सोडत? बरं. मीही पेन सोडलेलं नाही.
माघारी जा, सख्या, दार मी ला—