दोन बोटं

प्रिय ऑर्विल,

बावीस वर्षं मी बेसबॉलमध्ये चेंडू फेकले, त्यातली अकरा तुझ्याच ग्लोव्हमध्ये. अजूनही दुपारी व्हरांड्यात डोळा लागला, की तू समोर उकिडवा बसलेला दिसतोस. दोन बोटं दाखवतोस, म्हणजे चेंडू वळव. "गाढवा, आज तरी ऐक," म्हणतोस. मी होकार देतो आणि चेंडू हातातून सुटायच्या आत जाग येते.

त्या अंतिम सामन्यात तुझ्या दोन बोटांना मी मान हलवून नाही म्हटलं, चेंडू सरळ फेकला, फलंदाजाने तो कुंपणापार मारला आणि आपण हरलो. पत्रकारांना तू सांगितलंस, "खूण माझीच चुकली." मी गप्प बसलो. संघाने तुला घरी पाठवलं. मी आणखी सहा वर्षं खेळलो.

हे पत्र टाकणार नाही. तू उत्तरात पुन्हा लिहिशील, "खूण माझीच चुकली होती." आणि मी पुन्हा गप्प बसेन.

तुझा,
हार्लन