सोमवारचं ऑम्लेट

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात कोणी अंडी फेटायला घेतली की माझी मान आपोआप खांद्यात जाते. माझा लेक ऑम्लेट करतो ते बटरवर, मंद आचेवर, आत चीज घालून, अगदी लिबलिबीत. तुम्ही बघितलं असतंत तर ताट भिरकावलं असतंत. तुमचं ऑम्लेट म्हणजे दोन अंडी, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद आणि तेलाला धूर सुटल्याशिवाय तव्यावर ओतायचं नाही. कडा तांबूस, कुरकुरीत हव्यात. कड पांढरी राहिली की आईच्या पाठीत गुद्दा. कांदा जाड राहिला, गुद्दा. भांडुपच्या त्या एका खोलीत पळायला जागा तरी कुठे होती हो? आई भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबायची, शेजारी ऐकतील म्हणून. शेजारी काय बहिरे होते?

मी नववीत होते. विक्रोळीच्या कंपनीत तुम्ही टेंपररी, परमनंट व्हावंत म्हणून आईने सोळा सोमवार धरलेले. सोमवारी घरात अंडं फोडायचं नाही हे तुम्हालाही ठाऊक होतं, पण तुमची सुट्टी बुधवारची, त्यामुळे तुमचे वार जगापेक्षा निराळे चालायचे. त्या अकराव्या सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर तुम्ही कामावरच्या मित्राला घेऊन आलात. "आमच्या हिच्या हातचं ऑम्लेट खाऊन बघ, एकदम झकास!" आई हळूच म्हणाली, "अहो, आज सोमवार." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. मग तिने गपचूप बेसन कालवलं, टोमॅटो-कांदा घातला आणि टोमॅटो ऑम्लेट वाढलं. मित्र हसला, "काय राव, वहिनींनी धिरड्यावर भागवलं की!" तुम्हीही हसलात. ते हसणं बघूनच मी कोपऱ्यात सरकले.

तो गेला. तुम्ही कडी लावलीत, स्टोव्ह पेटवून तवा ठेवलात. तुमच्यासाठी फळीवर अंडी कायम ठेवलेली असायची, ती काढलीत आणि आईसमोर धरलीत. "फोड. तुझ्या हाताने फोड." आई म्हणते, "मारा हवं तर. आज नाही फोडणार. तुमच्यासाठीच धरलेत ना सोमवार?" आयुष्यात पहिल्यांदा ती उलटून बोलत होती. तुम्ही पहिलं अंडं तिच्या कपाळावर फोडलंत. मग दुसरं. मग केस धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलंत. बलक आणि रक्त एकत्र होऊन तिच्या भुवईवरून ओघळत होतं आणि तुम्ही तिचं तोंड पेटत्या स्टोव्हकडे नेत होतात. केस जळल्याचा वास आला. आज ही मरते, एवढंच मला कळलं. मी सांडशीने तापलेला तवा उचलला आणि जीव खाऊन फिरवला.

तुमच्या तळहाताची कातडी तव्याला चिकटली. तुमची किंकाळी अख्ख्या चाळीने ऐकली. आणि आईने काय करावं? आधी माझ्या थोबाडीत मारली, "बापावर हात उगारतेस? मेले!" आणि तशीच, तोंडावरून अंडं ठिबकत असताना, तुमचा हात धरून पाण्याच्या बादलीत बुडवला. त्या थपडेचा राग मला अजून येतो. दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, "तवा उचलायला गेलो आणि हात भाजला." पुढचे दोन महिने तिने तुम्हाला घास भरवले. सोमवारही सोळा पुरे केले. तुम्ही पुन्हा कधी तिच्या अंगाला हात लावला नाहीत, आणि त्याचं श्रेय तिने महादेवाला दिलं! धन्य ती बाई.

म्हातारपणी मात्र ती माझ्या मुलांना कौतुकाने सांगायची, "तुमच्या आईने नेमका मारता हातच शेकला. जिवाला धक्का नाही लावला, शहाणी पोर." मी मान डोलवायचे. तिच्यासमोर खरं बोलायची हिंमत नव्हती. आता तीही नाही आणि हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहिते.

नेम हातावर नव्हता, बाबा. तोंडावर होता. हात तुम्ही मध्ये घातलात. बरं झालं घातलात, असं मला अजून म्हणवत नाही.