सोमवार, पहिला नंबर

२४ फेब्रु. ७६, कळमनुरी
चौथीच्या वर्गात कविता म्हणताना पुन्हा दम लागला. पोरींनी खुर्ची ओढून दिली. मुंबईची तारीख मिळाली. ८ मार्च, सोमवार, सकाळी साडेसात. हृदयाची झडप आवळलीय, ती मोकळी करणार. सासूबाईंनी लगेच पंचांग काढायला लावलं. "सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ असतो बाई. दुपारची येळ मागून घे." मी त्यांना आत्याबाई म्हणते. म्हटलं, आत्याबाई, डॉक्टर माझं लग्न लावून राहिलेत का? हे हसले. त्या नाही हसल्या.

५ मार्च, मुंबई
वॉर्डात दोन दिवस झाले. आत्याबाई हट्टाने सोबत आल्यात. सिस्टर म्हणाली, पहिला नंबर मिळाला, नशीब काढलंत. शेवटच्या नंबरापर्यंत डॉक्टर पार थकतात. शेजारच्या बाईला काल दुपारी नेलं. खाट रिकामीच. विचारलं नाही. आपण सकाळीच जायचं.

७ मार्च
भीती वाटते. लिहून टाकलं, सुटले. लेक सुमी माझ्या माहेरी. आईला तिच्या वेण्या जमत नाहीत. परत जायचंच आहे.
रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही.

८ मार्च, सकाळ
घोटाळा. पहाटे आत्याबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. "राहुकाळात जाऊन राहिलीस, एवढं तरी तोंडात घाल." चाटली. कामाला निघताना नाही म्हणायचं नसतं, जन्माची सवय.
भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं? ह्यांनी डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. मी खरं सांगितलं. नंबर गेला. आत्याबाई कोपऱ्यात रडत, "म्याच घात केला." राग आला. फार आला.

नंतर
मोठे डॉक्टर स्वतः आले. आज तीनला शेवटचा नंबर, नाहीतर पुढच्या सोमवारी पहिला. सरळ विचारलं, दुपारी तुमचा हात तसाच चालतो का? म्हणाले, "सकाळी जास्त ताजा असतो. त्यानं किती फरक पडतो, मलाही ठाऊक नाही. पण तुमचा श्वास बघता आठवडा घालवू नये."
आत्याबाई डोळे पुसत, "तीनची येळ लई चांगली हाय." जिंकलं यांचं पंचांग!
डॉक्टरांना म्हटलं, आजच. पण आधी तुम्ही जेवायचं, अर्धा तास आडवं व्हायचं, मगच मला न्यायचं. हसले. हो म्हणाले.

तीन वाजून गेले. ह्यांच्या येरझाऱ्या चालल्यात. सिस्टर सांगून गेली, डॉक्टरसाहेब झोपलेत, उठवू का?
म्हटलं, झोपू द्या.