दोष कागदात होता

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी आज शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. उद्याची खात्री त्याही देत नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक पत्नीला. तिच्यावर माझ्यामागे कोणाच्या दारात उभे राहायची वेळ येऊ नये.

२. दुकान, दोन्ही मशीन आणि भिंतीवरचे कागदी साचे मुलीला. फक्त सदऱ्याचा साचा फाडून टाकावा. त्यात डावा खांदा अर्धे बोट उतरता आहे. नवा साचा आम्ही जुन्यावरूनच काढत आलो, त्यामुळे वडिलांच्या हातची ती चूक प्रत्येक सदऱ्यात उतरली आणि बोलणी खाल्ली शिवणाऱ्यांनी. दोष कागदात होता.

आमच्या घराण्यातल्या आजाराचेही तसेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, प्रत्येक जिवाच्या पेशीपेशीत तो जीव घडवायची सगळी कृती लिहिलेली असते. तिला जीनोम म्हणतात. गवताची वेगळी, मुंगीची वेगळी. आपली अर्धी आईकडून येते, अर्धी वडिलांकडून. तुमच्यात एका जागी तीच तीन अक्षरं फार वेळा लिहिली गेलीत." मुलीत ती चूक उतरली असण्याची शक्यता निम्मी. मी विचारले, "उसवता येईल?" त्या म्हणाल्या, "अजून नाही."

देवावर माझा राग नाही. त्याच लिखाणातून माझ्या थोरल्या भावाची लांब बोटे आली, आणि मुलीचे हसणेही.

३. मोठी कात्री वहिनीला. ती दादाची. त्याचे हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी ती त्याच्याकडून हिसकावून घेतली. म्हणालो, "दादा, पिऊन कापडाला हात लावायचा नाही."

तो म्हणाला, "अरे, तोंडाचा वास तरी घे."

मी घेतला नाही. तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. सहा वर्षांनी गेला. वडिलांनाही गावाने दारुडाच ठरवले होते. वहिनी, माफी मागायला तुमच्या दारापर्यंत तीनदा येऊन परतलो.

४. मशीनच्या खणात एक बंद पाकीट आहे. त्यात मुलीच्या रक्ततपासणीचा निकाल आहे. देताना ती म्हणाली, "बाबा, सांभाळा. धीर आला की मागेन."

"आणि नाही आला तर?"

"तर त्यावर बटणांचा डबा ठेवा."

डबा अजून त्यावरच आहे. एकदा मी ते पाकीट उजेडापुढे धरले होते; काही दिसले नाही, आणि ते देवाला सांगून झाले आहे. ते फक्त तिचे. आई, मामा, उद्याचे सासरचे, कोणीही उघडू नये. तिने न वाचता जाळले तरी माझी ना नाही.

सही आता वाकडी येते. म्हणून साक्षीदारांना आधी माझ्या तोंडाचा वास घ्यायला लावला. घड्याळवाला लाजला. "मास्तर, असं काय करता? तुम्हाला ओळखत नाही का मी?" मी म्हटले, "दादाला मीही ओळखत होतो. घे."

स्थळ: दुकान, कापड बेतायच्या टेबलापाशी
दिनांक: ३ मार्च
लिहून देणार: (सही)

साक्षीदार
१. शेजारचा घड्याळवाला. वास घेतला. दारू नाही. (सही)
२. पोस्टमन. वास घेतला. फक्त चहाचा. (सही)